चिंगीचा वाटा फोडणीच्या आधी

पत्र इंदूरच्या सुदामा नगरातून आलंय. थोडं छोटं करून देते.

"ताई, दीड वर्षापूर्वी पावसाळ्यात जिन्याखाली मांजराचं एक पिल्लू सापडलं, तेच घरात आणलं. नाव चिंगी, आता साडेतीन किलोची झालीये. आम्ही खातो तेच ती खाते, सकाळी दूध-पोळी, दुपारी वरणभात, रविवारी ह्यांच्यासाठी चिकन होतं तेव्हा रश्श्यात कुस्करलेली पोळी. मागच्या आठवड्यात पाहुणे होते, तीन दिवस लागोपाठ चिकन झालं आणि तीही तीन दिवस तेच जेवली. नंतर दोन दिवसांनी ती पलंगाखाली जाऊन बसली, हाक मारली तरी येईना, फरशीवर शू झाली ती बघितली तर कोकमाच्या सरबतासारखी. डॉक्टरांनी रक्त तपासलं, म्हणाले रक्त फार उतरलंय, कांदा-लसूण पोटात गेलाय का? दोन दिवस ॲडमिट केलं, सलाईन लागलं. आता घरी आहे, थोडं थोडं खाते. पण घरात रोज वाद होऊन राहिले. सासूबाई म्हणतात आमच्या जेल रोडच्या वाड्यात पाच-पाच मांजरी उष्टं-खरकटं खाऊन वाढल्या, कांद्याने कधी कोणी मेलं नाही. नक्की काय द्यायचं आणि काय नाही ते सांगा. आणि मीच तिला इतके दिवस विष घालत होते का, ह्या विचाराने मला झोप लागत नाही."

ताई, आधी तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलते, बाकीचं सगळं नंतर. आपल्याकडे जीव लावायचा म्हणजे आपल्या ताटातला घास द्यायचा, आपल्याला दुसरी रीत कोणी शिकवलेलीच नाही. तुम्ही तेच केलंत. आणि ती पलंगाखाली जाऊन बसली तेव्हा "बरं वाटत नसेल, झोपू दे" म्हणून सोडून न देता तिला बाहेर काढून दवाखान्यात नेलंत, शूचा रंग लक्षात ठेवलात, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काय खाल्लं ते लपवलं नाहीत. चिंगी आज घरात आहे ती ह्यामुळे. मी हे बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, मी स्वतः एक मांजर माझ्या हाताने गमावलीये, ते खाली सांगते, त्यामुळे रात्री झोप न येणं म्हणजे काय हे मला माहीत आहे.

आता कांदा. कांदा, लसूण, पातीचा कांदा, लसणाची पात ही सगळी एकाच घराण्यातली, आणि ह्यांच्यात गंधकाची संयुगं असतात. चिरताना डोळ्यांतून पाणी काढणारं जे काही असतं तेही त्यातलंच. आपल्या पोटात गेली तर आपलं शरीर ती निस्तरतं. मांजराच्या रक्ताची गोष्ट वेगळी आहे. तिच्या हिमोग्लोबिनमध्ये ह्या संयुगांच्या तडाख्यात सापडतील अशा ८ जागा असतात, कुत्र्याच्या ४ आणि बाकी बहुतेक प्राण्यांच्या २. म्हणजे तिचं रक्त मुळातच नाजूक. हिमोग्लोबिन बिघडलं की लाल पेशीच्या आत त्याची गाठ जमते, मायक्रोस्कोपखाली पेशीच्या कडेला फोड आल्यासारखी दिसते, डॉक्टर तिला हाइन्झ बॉडी म्हणतात, तुमच्या रिपोर्टवर कदाचित तो शब्द असेलही. अशा पेशी मग फुटायला लागतात, आणि फुटलेल्या पेशींमधलं हिमोग्लोबिन लघवीवाटे बाहेर पडतं. तुम्ही जे कोकमाच्या सरबतासारखं पाहिलंत ना, ते हे होतं.

ह्यात सगळ्यात फसवं काय आहे तर हे लगेच होत नाही. खाल्लं त्या दिवशी मांजर छान उड्या मारते, मिशा पुसत बसते, फार तर एखादी उलटी. पेशी फुटून रक्त उतरायला दोन-चार दिवस जातात, कधी त्याहून जास्त. तोपर्यंत पाहुणे गेलेले असतात, पातेलं घासून झालेलं असतं, आणि रविवारचा रस्सा नि शुक्रवारचा आजार ह्यांचा संबंध कोणाच्या डोक्यात येत नाही. सासूबाई म्हणतात ना कांद्याने कोणी मेलेलं पाहिलं नाही, ते अगदी खरं असणार. कांदा खाताना पाहिलं असेल, मरताना पाहिलं असेल, मधले चार दिवस कोणी जोडले नसतील.

किती कांदा लागतो? मांजराच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण ५ ग्रॅम कांद्यानेही रक्तात बिघाड दिसतो. चिंगी साडेतीन किलोची, म्हणजे १७-१८ ग्रॅम. बाजारातला मध्यम कांदा १०० ग्रॅमचा धरला तर त्याचा पाचवा-सहावा हिस्सा. आता तुमच्या रश्श्याचं वाटण डोळ्यासमोर आणा, चार-पाच कांदे खोबऱ्याबरोबर लाल होईपर्यंत परतलेले, वर आलं-लसणाचा गोळा. तीन दिवस दोन्ही वेळा ते पोळीत कुस्करून गेलं तर हिशोब कुठच्या कुठे जातो. आणि एका वेळेलाच एवढं जावं लागतं असंही नाही, रोज थोडं थोडं गेलं तरी नुकसान साठत जातं. लसूण तर कांद्याहून जहाल, म्हणून "दोनच पाकळ्या होत्या" ह्याला अर्थ नाही.

शिजवलं की दोष जातो असं पुष्कळ जण समजतात. जात नाही. उकडा, तळा, भाजा, वाळवून पूड करा, ते राहतंच, उलट वाळवल्यावर पाणी उडतं आणि चिमूटभर पुडीत जास्त कांदा बसतो. म्हणून बिर्याणीवरचा तळलेला कांदा, कांदा-लसूण मसाला, लसणाची कोरडी चटणी, सूपचं पाकीट, नूडल्सचा मसाला हे ओल्या कांद्यापेक्षा वाईट. आणि आपल्या इंदुरात एक खास गोष्ट, सेव. सकाळी पोह्यांवर सेव घेताना दोन दाणे खाली पडतात, मांजर लगेच हुंगायला येते, पोरं मजा म्हणून अजून टाकतात. ती पुष्कळदा लसणाची सेव असते हो. पोह्यांवरचा कच्चा कांदाही तसाच जमिनीवर सांडतो. मी तर सांगेन पोहे खाताना मांजर त्या खोलीत नकोच. चिकनचे तुकडे पाण्याखाली धुऊन द्यायचे हा उपायही मी बऱ्याच घरांत पाहिलाय, त्याने तिखट जातं, पण तुकडा वाटणात शिजलेला असतो, आत मुरलेलं धुऊन निघत नाही.

मग करायचं काय, तर आपल्या घरात ह्याची पद्धत आधीपासूनच आहे. सणाला आपण नैवेद्याचं ताट कसं करतो, त्यात कांदा-लसूण नसतो आणि कोणीही तोंड लावायच्या आधी ते वेगळं निघतं. चिंगीचा वाटा तसाच काढायचा. चिकन बाजारातून आलं, धुतलं, मीठ-हळद लावायच्याही आधी चार-पाच बिनहाडाचे तुकडे छोट्या भांड्यात नुसत्या पाण्यात उकडायला टाका. मीठ नाही, तेल नाही, आलं-लसूण नाही. थंड झाले की हाताने बारीक करून तिच्या वाटीत. तुमची फोडणी मग खुशाल पडू दे. वरण द्यायचंच असेल तर कुकरमधून काढल्या काढल्या, लसणाची फोडणी पडायच्या आत, चमचाभर. आणि हे काम सासूबाईंकडे द्या. खरंच सांगतेय. ज्या बाईने आयुष्यभर गौरींचा नैवेद्य सांभाळलाय तिच्याइतकं कडक हे दुसरं कोणी सांभाळणार नाही, आणि मग वादही उरणार नाही.

आता वाड्यातल्या मांजरी. सासूबाईंशी वाद घालू नका, कारण त्या पाहिलेलंच सांगतायत. पण त्या मांजरी तुमच्या वरणभातावर जगत नव्हत्या. वाड्यात धान्याची कोठी होती, माळा होता, मागे गोठा असेल, उंदीर भरपूर होते, पाली, चिमण्या, टोळ, सगळं. पोट तिथे भरायचं, तुमचं खरकटं म्हणजे वरचं तोंडीलावणं. तिला नको ते ती सोडून जायची कारण तिच्याकडे दुसरं होतं. चिंगी तिसऱ्या मजल्यावर असो की तळमजल्यावर, दार बंद असतं, तिच्यासमोर तुमची वाटी सोडून काहीच नाही. भूक लागली की ती वाटणही चाटणार. आणि एक गोष्ट विचारून बघा त्यांना, हळूच विचारा, त्या पाच मांजरी पुढे गेल्या कुठे? "एक दिवस निघून गेली, परत आलीच नाही", बहुतेक हेच उत्तर येईल. मांजर आजारी पडली की अंधारात, कोपऱ्यात, कोणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी जाऊन बसते. चिंगी पलंगाखाली गेली ना, तशीच. वाड्यात पलंगाऐवजी अख्खा माळा होता, तिथे कोण शोधणार?

दूध-पोळीबद्दल थोडं सविस्तर, कारण हे जवळजवळ प्रत्येक मराठी घरात चालतं. दूध विष नाही. पण आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरींच्या पोटात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारा रस कमी होत जातो. मग जुलाब, गॅस, घाण वास, आणि आपण म्हणतो हिला घाणेरडी सवय लागली. घरात पिल्लं सापडली की सगळे आधी गायीचं दूध शोधतात, तेही त्यांना पुरत नाही, मांजरीच्या पिल्लांसाठी वेगळी दुधाची पावडर मिळते ती आणा. मोठ्या मांजरीला पाणी द्या, ताजं, दोन-तीन ठिकाणी ठेवून, जेवणाच्या वाटीपासून जरा लांब.

आणि पोळी? पोळीने पोट भरतं पण मांजर आतून उपाशी राहते. हे मी पुन्हा पुन्हा सांगते आणि लोकांना पटत नाही. मांजर पक्की मांसाहारी आहे, आवडीचा प्रश्न नाही, शरीराची रचनाच तशी. टॉरिन नावाचा एक घटक तिला अन्नातूनच मिळावा लागतो, तो मांस-मासळीत असतो, पोळी-भातात नसतो. टॉरिन नसलेल्या आहाराने मांजरींच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो हे १९७५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं आणि हृदयाचा स्नायू ढिला पडून हृदय फुगतं हे १९८७ मध्ये. त्यानंतर कंपन्यांनी मांजरींच्या अन्नात टॉरिन वाढवलं आणि तो हृदयरोग खूप कमी झाला. गाजर खाऊन आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, मांजराला तेही जमत नाही. म्हणून ज्या घरात मांसाहार होत नाही त्यांनी मांजर पाळू नये असं मी म्हणणार नाही, पण मग तिच्यासाठी मांजरींचं पाकिटातलं पूर्ण आहार असलेलं अन्न आणायची तयारी ठेवा, आणि त्यावर मांजराचं चित्र आहे का बघा, कुत्र्याचं स्वस्त पडतं म्हणून ते आणू नका, त्यात मांजराला पुरेल इतकं टॉरिन असेलच असं नाही. तुमच्याकडेही रोजचा आधार हाच ठेवा. नुसतं उकडलेलं चिकन रोज दिलं तर कॅल्शियम आणि बाकी बऱ्याच गोष्टी कमी पडतात, म्हणून चिकन म्हणजे वरचा लाडाचा घास.

आता चिंगी बरी होतेय, म्हणजे शेजारीपाजारी सल्ले सुरू झाले असतील. रक्त कमी झालंय ना, मग कलेजी द्या. बीट द्या, खजूर द्या, माणसांचं लोहाचं टॉनिक दोन थेंब द्या. ताई, हे अजिबात नको. तिच्या शरीरात लोह कमी पडलेलं नाही, पेशी फुटल्यात. कांदा थांबला की शरीर नव्या पेशी बनवतं, त्याला वेळ लागतो, काही आठवडेसुद्धा. माणसांच्या टॉनिकमधलं लोह जास्त झालं तर तेच विषारी ठरतं. कलेजीचा एखादा छोटा तुकडा कधीतरी चालेल, रोज कलेजी दिली तर अ जीवनसत्त्व इतकं साठतं की मानेची हाडं एकमेकांना जोडली जाऊन मान आखडते, मांजराला स्वतःची पाठ चाटता येईनाशी होते. मायेने कलेजी देऊन देऊन असं झालेलं होतं.

अजून एक सल्ला मिळेल, खात नाही तर लहान बाळांचं चिकनचं बेबी फूड द्या किंवा तयार सूप द्या. अमेरिकेत आजारी मांजरींना खरंच बेबी फूड द्यायचे, आणि १९९८ मध्ये एक अभ्यास छापून आला की ज्या बेबी फूडमध्ये चवीला कांद्याची पूड असते ते खाल्लेल्या मांजरींच्या रक्तात त्याच हाइन्झ बॉडी वाढतात. म्हणजे बरं व्हायला दिलेलं अन्नच आजार वाढवायचं. तेव्हा कुठल्याही पाकिटावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय तिच्या वाटीत काही नको. भूक लागत नसेल तर तिचंच अन्न जरा कोमट करा, वास सुटतो, मांजर वासावर जेवते. पण पूर्ण एक दिवस तिने काहीच खाल्लं नाही तर थांबू नका, फोन करा, मांजर उपाशी राहिली की यकृतात चरबी भरायला लागते आणि तो वेगळाच आजार मागे लागतो.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. किसमिस आणि द्राक्षांनी कुत्र्यांच्या किडन्या निकामी होतात हे पक्कं आहे, मांजरींमध्ये तितकं नोंदलेलं नाही, पण मी धोका घेत नाही, शिऱ्यातलं नि शिकंजीतलं किसमिस तिला नको. चॉकलेट, चहा, कॉफी सगळं बंद, हृदयावर आणि मेंदूवर परिणाम होतो, आणि काळं कडू चॉकलेट सगळ्यात वाईट. मांजरीला गोड चव कळतच नाही, ती आइसक्रीम किंवा श्रीखंड चाटते ते आतल्या स्निग्धासाठी, म्हणून "तिला गोड फार आवडतं" हा आपला समज आहे. कच्च्या मासळीत काही जातींमध्ये ब-१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो, सतत दिली तर मांजर लडखडते, मान खाली पडते, झटके येतात, मासळी शिजवूनच द्या. कच्चं अंडंही नको, उकडलेलं थोडं चालतं. पापड, चिप्स, नमकीन ह्यात मीठ फार. यीस्ट घालून मळलेली कच्ची कणीक, घरी पिझ्झा करता ना, ती पोटात जाऊन फुगते आणि तिच्यात दारू तयार होते, ओट्यावर उघडी ठेवू नका. शिजलेल्या कोंबडीच्या हाडाचे उभे टोकदार तुकडे होतात, घशात नाहीतर आतड्यात रुततात, हाडं झाकणाच्या डब्यात आणि डबा कपाटात.

आणि देवाच्या हाराचा दोरा. खाण्याची वस्तू नाही पण मांजर ती गिळते, हार शिळा झाला की दोरा तिथेच पडलेला असतो, तिला खेळायला बरा. गिळलेला दोरा आतड्यात अडकून आतडं चुणी पडल्यासारखं गोळा होतं आणि चिरलं जातं. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढू नका, तसंच घेऊन डॉक्टरांकडे जा. पाहुण्यांनी आणलेल्या बुकेत लिलीची मोठी फुलं असतील तर तो बुके घरातच घेऊ नका, अंगाला लागलेला पराग चाटला तरी मांजराच्या किडन्या दोन-तीन दिवसांत बंद पडू शकतात.

आता ते, जे मी वर सांगते म्हटलं होतं. मी रामबागेत राहायचे तेव्हा माझ्याकडे सोनी नावाची मांजर होती, चार किलोची, पिवळी-पांढरी. डिसेंबरातल्या एका रात्री अंग गरम लागलं, जेवली नाही, माझ्या मांडीवर कण्हत बसली. रात्री कुठला दवाखाना उघडा असणार म्हणून मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये विचारलं, तिथल्या माणसाने सांगितलं लहान मुलाला देता तसं द्या, तापाच्या गोळीची अर्धी. पॅरासिटामॉल, ५०० ची. मी चमच्यात चुरून, पाण्यात कालवून, तिचं तोंड उघडून पाजली. तिने विरोधही केला नाही, तिचा माझ्यावर विश्वास होता. पहाटे उठले तर तिचा चेहरा सुजलेला, पंजे सुजलेले, श्वास भराभर चाललेला, ओठ वर करून पाहिला तर हिरड्या चॉकलेटी रंगाच्या. दवाखाना उघडायच्या आत गेली. मांजराच्या यकृतात ही गोळी निकामी करणारी यंत्रणा जवळजवळ नसतेच, तिचं विष होऊन रक्तातला ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद जाते, आणि ५०० ची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घ्यायला पुरते. ह्याच्यावर औषध आहे, एन-ॲसिटिलसिस्टिन नावाचं, पहिल्या काही तासांत मिळालं तर मांजर वाचू शकते. मला तेव्हा दोन्ही माहीत नव्हतं. म्हणून मी हे सदर लिहिते ताई, आणि म्हणून तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माणसांची कुठलीही गोळी, तापाची, दुखण्याची, सर्दीची, चिंगीला कधीही नको, पाव सुद्धा नको, कोणीही सांगितलं तरी नको.

पुन्हा कधी तिने नको ते खाल्लंय असं कळलं तर वाट बघत बसू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची पद्धत आपल्याकडे आहे, मांजराला ती जीवघेणी ठरू शकते. तूप-दूध पाजून विष उतरत नाही. घशात बोट घालू नका, इंटरनेटवर वाचून हायड्रोजन पेरॉक्साइड तर मुळीच नको. काय खाल्लं, अंदाजे किती, किती वाजता, तिचं वजन किती, एवढं एका कागदावर लिहा, पाकीट असेल तर ते पिशवीत टाका आणि निघा. पहिल्या तास-दोन तासांत पोहोचलात तर डॉक्टर सुरक्षितपणे उलटी करवू शकतात, नंतर तो मार्ग बंद होत जातो. आजच बसून दोन-तीन डॉक्टरांना फोन करून विचारून ठेवा, रात्री कोण येतं, रविवारी कोण उघडं असतं, रक्त तपासायची सोय कोणाकडे आहे. महूला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, तिथला दवाखानाही माहीत असू द्या, पण सुदामा नगरातून महूला जाण्यात वेळ जातो, म्हणून पहिलं नाव घराजवळचंच हवं.

आणि हे रोज करा, महिनाभर तरी. सकाळी उजेडात, खिडकीपाशी, चिंगीला मांडीवर घेऊन एका अंगठ्याने तिचा वरचा ओठ हळूच वर करा. हिरडी फिकट गुलाबी दिसली पाहिजे, आपल्या नखाच्या खालच्या रंगासारखी. बोटाने जरा दाबून सोडा, पांढरा डाग पडतो आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो, तसा व्हायला हवा. हिरडी कागदासारखी पांढरी, पिवळसर किंवा चॉकलेटी दिसली, नाहीतर झोपेत असताना छाती मिनिटाला चाळीसच्या वर हलताना मोजलीत, तर त्याच वेळी निघायचं. दुसरी ब्लड टेस्ट डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला नक्की करा, खेळायला लागली म्हणून चुकवू नका.

कांदेनवमीला तुमच्याकडे भजी, थालीपीठ सगळं होत असणार. त्या दिवशी चिंगीला मागच्या खोलीत ठेवा, तिचं उकडलेलं चिकन सकाळीच काढून ठेवलेलं असू दे, आणि भजी तळून ओटा पुसून झाला, खाली पडलेल्या पापुद्र्यांवरून केरसुणी फिरली की मगच दार उघडा.